दुधीची चकती

लग्नानंतरच्या दुसऱ्याच सकाळी सासूबाईंनी माझ्या हातात दुधीच्या रसाचा ग्लास दिला. "उपाशीपोटी घे, प्रकृतीला चांगला." भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतून वैजू, यांची पहिली बायको, आमच्याकडे बघत होती.

पहिल्याच घोटाला जीभ आक्रसली. मी मोरीकडे धावले आणि थुंकले.

"आई, दुधी कडू आहे! असला दुधी विषारी असतो. चिरताना चकती चाखली नाहीत का?"

"चाखली होती," त्या शांतपणे म्हणाल्या आणि ग्लास घेऊन परसात गेल्या. मी मागोमाग गेले. मांडवावर दुधी लोंबत होते. बाजारातल्यासारखेच कोवळे, फिकट हिरवे, लवदार. नुसतं बघून कुणालाही काही कळलं नसतं.

सासूबाईंनी रस वेलाच्या मुळाशी ओतला. "वैजू फार गुणी होती गं. माझं मन मोडायला नको म्हणून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. तू थुंकलीस. तू टिकशील."

मी वेलाचा बुंधा धरला. "हा वेल... उपटून टाकू?"

एक कोवळा दुधी त्यांनी हलकेच पानांआड सारला.

"राहू दे. तुझ्या दिराचं लग्न ठरतंय ना."