पाचवा पुडा

कोरियात नोकरी करणाऱ्या आरोहीनं तिथल्या चहाचे, म्हणजे गरम पाण्यात टाकायच्या भाजलेल्या कुट्टूच्या दाण्यांचे, चार पुडे कडोलीला आईकडं धाडले होते. आता व्हिडिओ कॉलवर जयाबाई पाचवा मागत होती. आरोही वैतागली.

"तुला तर तो चहा करपलेल्या पाण्यासारखा लागत होता. मग दोन महिन्यांत चार पुडे संपले कसे?"

"पेरले."

"काय?"

"परसात तीन ओळी टाकल्या. पाणी घालून घालून दमले, एक कोंब न्हाय." जयाबाईनं मोबाईल फिरवून ओली माती दाखवली. "गेल्या खेपेला आठ दिवसांत परत गेलीस. म्हणालीस, त्या चहाशिवाय हितं करमत न्हाय. म्हटलं, घरातच पिकवावा."

आरोहीनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, भाजलेत ते दाणे! सगळा जन्म शेतात गेला तुझा, एवढं साधं दिसलं न्हाय?"

मोबाईल मातीकडंच राहिला.

"दिसलं की गं. चार पुड्यांत चार दाणे तरी कच्चे ऱ्हायले असतील म्हटलं."