वगळायचे चार

"या चार पेशंटचे आकडे काढून टाक," हेमांगीचे मार्गदर्शक डॉ. चिपळूणकर चहा पीत म्हणाले.

संधिवाताच्या सोळा रुग्णांच्या रोगप्रतिकारक पेशींमधलं एक जनुक तिने प्रयोगशाळेत बंद केलं होतं. बारा जणांच्या पेशी निवल्या; चौघांच्या मात्र जास्तच चवताळल्या, दाह दुप्पट झाला.

"सर, हेच जनुक बंद करणारं औषध चाचणीत आहे. अशा लोकांना ते दिलं तर?"

"सुजतील थोडे सांधे. मरत नाही कोणी."

त्या चौघांतल्या द्वारकाबाईंनी वाकड्या बोटांनी संमतीपत्रावर कशीबशी सही केली होती. हेमांगीला समोरच्या माणसाची किळस आली. दर गुरुपौर्णिमेला आपण याच्या पाया पडलो, याची त्याहून जास्त.

शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला तिने सोळाही जणांचे आकडे पाठवले. सरांनी तिची पीएचडी अडकवली, पण ते आकडे छापून आल्यावर औषधाची चाचणीही थांबली.