निकेत आल्यावर

"तुम्हालाच काही झालं, तर आईला कोण बघणार?" वजनकाट्यावरचा आकडा बघून डॉक्टर एवढंच म्हणाले. घरात दोघंच, त्यात आईला हल्ली काही आठवत नाही. निकेतनं मनावर घेतलं. तो पेणकरपाड्यातून रोज पहाटे राई गावापर्यंत चालायला लागला. गुडघे ठणकायचे, भुकेनं रडू यायचं. रत्नागिरीच्या माणसानं भाताला रामराम ठोकला, यातच काय ते आलं. दीड वर्षात तो निम्मा झाला.

आणि एक दिवस आईनं त्याच्या हातचं जेवण नाकारलं.

"तुम्ही कोण ओ? माझा निकेत चांगला गुटगुटीत आहे. तो आला की जेवेन मी."

त्यानं हातावरचा लहानपणीचा भाजल्याचा डाग दाखवला. शेजारच्या मृणालिनीताईंनी देवाची शपथ घेऊन सांगितलं. आई आपली दाराकडे डोळे लावून बसलेली. दोन दिवस पोटात नुसतं पाणी.

शेवटी तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं कपाटातला जुना ढगळा शर्ट काढला, आतून पोटाला उशी बांधली आणि तूप घातलेला मऊभात घेऊन तिच्यासमोर बसला.

आईचा चेहरा उजळला. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला, ताटातला भात कालवला आणि घास त्याच्याच तोंडापुढे धरला.



"किती वाळलास रे. आधी तू जेव पोटभर, मग मी."