छातीवरचं ठिगळ

स्पॉन्सरने ऐन मोसमात हात वर केले. जर्सीवरचं आपलं नावही झाकायला लावलं. आमच्या महिला फुटबॉल क्लबला पगार झेपेनात, तिथे नव्या जर्सी कुठल्या? मी गोलकीपर, अंगावर येईल ते झेलायची सवय. सगळं गाठोडं सासूबाईंच्या शिलाईच्या दुकानात नेलं. "आई, नावावर ठिगळं लावायचीत. पैसे मिळणार नाहीत." "बरं," त्या लगेच म्हणाल्या. तेव्हाच शंका यायला हवी होती. सामन्याआधी जर्सी उलगडल्या, तर प्रत्येक पिवळ्या ठिगळावर ठसठशीत भरतकाम: 'येथे पँटची चेन बदलून मिळेल.' कॅप्टन हसून हसून खालीच बसली. तशाच खेळलो, जिंकलोही. सोमवारी दुकानासमोर रांग लागली. पँट कुणाच्याच हातात नव्हती. सगळ्या शाळकरी मुली, तसलीच जर्सी हवी म्हणून आलेल्या. पहिलीचं माप घेत सासूबाई म्हणाल्या, "वाढत्या अंगाची शिवते. हिला पुष्कळ वर्षं खेळायचंय."