शनिवारचा भोंगा

समुद्राच्या भिंतीवरचा भोंगा दर शनिवारी बाराच्या ठोक्याला वाजवून बघायचा, हे तिच्या बाबांचं तीस वर्षांचं काम. गेल्या रविवारी ते गेले आणि पालिकेने भोंगा यंत्रावर सोडला. ‘शनिवारची चाचणी बंद. यापुढे भोंगा वाजला, तर पाणी आत शिरत आहे असे समजून उंचावर जावे,’ अशी सूचना गल्लीच्या फळ्यावर लावायला शिपाई तिच्याच हाती देऊन गेला होता. पण सूचनेची सुरुवात बाबांच्या निधनाने होती आणि ती चारचौघांसमोर लावायला तिचा हात धजेना. उद्या लावू, उद्या लावू म्हणता म्हणता शनिवार उजाडला.

पावणेबारालाच भोंगा वाजायला लागला. ती अनवाणीच गल्लीत धावली.

“पळा! पोरांना उचला, टेकडीवर चला!”

“अगं, शनिवार ना आज? चाचणी आहे ती,” शिवणयंत्रावरून न उठताच मावशी म्हणाल्या.

“चाचणी नाही, मावशी! ती बंद केलीय! पाणी येतंय, खरंच येतंय!”

मावशींनी शेजारणीकडे बघून पदराने डोळे टिपले. “बाबांशिवायचा पहिलाच शनिवार गं तिचा. बसव तिला, पाणी दे.”

ती इस्त्रीवाल्या काकांकडे धावली आणि त्यांचा हात धरून ओढू लागली.



“तुझ्या बाबांचा भोंगा कधी चुकला नाही, बाळ,” असं म्हणत काकांनी हात सोडवून घेतला आणि दुकानातलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं.