सरळ दिसणारी आत्या

चांगुणाआत्याचा फायदा उघड होता. भाची ज्ञानेश्वरी प्रयोगात गुंतली, की सुप्याच्या कारखान्यातल्या रात्रपाळीची राहिलेली झोप आत्याच्या पदरात पडणार. ज्ञानेश्वरीचा पाय प्लास्टरमध्ये, शाळा घरीच. म्हणून आत्यानंच तिला बुटाचा रिकामा खोका आणून दिला.

खोक्याला सुईनं भोक पाडलं आणि मागं तेलकट कागद लावला, की कागदावर समोरचं सगळं उलटं दिसतं.

“मला उलटी टांगू नको हां,” कडुनिंबाखालच्या बाजेवर आडवी होत आत्या म्हणाली. “मी सरळच दिसले पायजे. आन् झोप मोडलीस तर बघ!”

“बरं, आत्या.”

कागदावर अंगण वर गेलं, आभाळ खाली आलं. बाज उलटी, शेळी उलटी. आत्या तेवढी सरळ, खाली आलेल्या फांद्यांवर पाठ टेकून निवांत निजलेली.

ज्ञानेश्वरीनं खोका बाजूला केला. बाज रिकामी होती. घोरणं वरून येत होतं. फांद्यांना पाठ लावून, तोंड जमिनीकडं करून आत्या झोपली होती. तिचा पदर आभाळाकडं लोंबत होता.

हाक ओठांवर आली आणि थांबली. आत्या दचकून जागी झाली, तर कुठल्या बाजूला पडेल?

एक फांदी कडकन वाजली. घोरणं तसंच चालू राहिलं.

झोप आत्याला मिळाली. तोंडावर हात दाबून किंमत मोजत होती ती ज्ञानेश्वरी.