थंडा मासा

बाबा गेल्यावर मयुराकडे त्यांच्या टाकीतला म्हातारा गुरामी मासा तेवढा उरला होता. तो स्वतः चिडका, त्यामुळे गरीब मासा त्याच्यापाशी टिकत नसे. तिला थोडा तापट, पण त्याला न मारणारा सोबती हवा होता.

नंदनवन भागातल्या माशांच्या दुकानात दुकानदार कवडूभाऊंनी टाकीच्या बाजूच्या काचेला आरसा टेकवला. एकेक मासा कल्ले फुलवून स्वतःच्याच प्रतिबिंबावर धावला. अंगावर पट्टे असलेला एक मासा, पट्टेवाला, मात्र जागचा हलला नाही.

"हा थंडा आहे, ताई. घेऊन जा."

"पण आरशात त्याचे कल्ले फुललेले दिसले मला."

"काहून डोकं खाऊन राहिल्या? डिग्रीले मासे भेत नाही."

प्राणिशास्त्र शिकलेल्या मयुराने तो मासा घेतला आणि खात्री करायला आरसाही मागून घेतला.

घरी त्याला गुरामीच्या टाकीत सोडून दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून टाकीसमोर नोंदी करत बसली. पट्टेवाला दगडाआड निश्चल होता. तरी दुपारपर्यंत, तिच्या डोळ्यांदेखत, गुरामीची शेपटी कुरतडली गेली.

तिने आरसा काचेला टेकवला. आरशात पट्टेवाल्याने गुरामीचा ओठ जबड्यात धरला होता. टाकीत गुरामी एकटाच झटके देत होता.

तिने पट्टेवाल्याला जाळीने उचलून बादलीत टाकलं. मग गुरामीला काढायला टाकीत हात घातला.

बादलीत पट्टेवाला निश्चल होता. आरशात मात्र पट्टेवाला अजून टाकीतच होता. त्याने गुरामीला सोडलं आणि कल्ले फुलवत तो तिच्या बोटांकडे वळला.